मृदंगाच्या तोंडची कणीक

१

तात्याबुवा धसईकरांच्या जयंतीला, भरल्या सभेत, वाल्मिकने त्यांचा मृदंग काचेच्या कपाटातून काढला, मांडीवर घेतला आणि वाजवायच्या आधीच खाली ठेवला.

"हा बुवांचा नव्हे," तो म्हणाला.

वाल्मिक बुवांचा पट्टशिष्य, वैशाखरे गावचा. जयंतीसाठी त्याने मुरबाडात कुणाकुणाच्या पाया पडून मूठभर गव्हाचं पीठ मिळवलं होतं. लढाईचे दिवस, तांदळाच्या मुलखात गहू बघायला मिळणं मुश्कील. पण मृदंगाच्या डाव्या तोंडाला भिजवलेली कणीक थापल्याशिवाय त्यातून घुमारा निघत नाही. मळलेला गोळा ताटलीत तसाच राहिला.

समोर खुर्चीत मुंबईचे शेट बसले होते. बुवांच्या स्मारकाला दगडी दालन बांधून द्यायचं त्यांच्या मनात होतं; मनातलं अजून खिशापर्यंत उतरलं नव्हतं. उकाड्याने आणि हारांनी ते अर्धे पेंगलेले. वाद्य उतरलंय, चढवून घेतो, असं सांगून त्यांना पोलीस पाटलांच्या घरी जेवायला आणि जेवणानंतर आडवं व्हायला नेण्यात आलं.

स्मारकाचे चिटणीस कुंडलिकराव हे बुवांचे सख्खे पुतणे, कल्याणला स्थायिक. शेटजींची पाठ वळताच त्यांनी वाल्मिकला फैलावर घेतलं. तुझा हात गेलाय, तुझे डोळे गेलेत, बुवांचा मृदंग तुला ओळखू येईना, तर शिष्य कसला तू. एवढ्यात आतल्या दारातून बुवांच्या बायकोने, अंबूबाईने, हाक मारली. कुंडलिकराव आत गेले. पानाला चुना लावून होतो तेवढ्यात परत आले, आणि वाल्मिककडे न बघता थेट राखणदाराच्या अंगावर गेले.

"किल्ली कोणाच्या कमरेला असते, नवसू?"

नवसू डोंगराकडच्या वाडीवरचा. गेल्या दिवाळीपासून स्मारकाची झाडलोट आणि राखण त्याच्याकडे. किल्ली त्याच्याच करगोट्याला होती. त्याने ती मुकाट्याने दाखवली, जणू दाखवल्याने सुटका होईल. पाटलांनी दोरी मागवली. दुपारच्या मोटारीने त्याला मुरबाडला फौजदारापुढे उभं करायचं ठरलं. पेरणीच्या तोंडावर आत गेलेला गरीब माणूस कधी सुटेल हे फौजदारालाही सांगता येत नाही.

मागच्या सतरंजीवर सावळाराम नाकेदार बसले होते. मुरबाडच्या टोलनाक्यावर उभी हयात गेलेली, आता पेन्शनीत. दुसऱ्याच्या गाठोड्यात काय आहे हे ओळखण्याची खोड नोकरीबरोबर सुटली नव्हती. पाठ वळवून परत येणारा माणूस नवीन जबाब घेऊन आला, की नाकेदारांना त्याचं गाठोडं सोडावंसं वाटे.

"पाटील," ते उठत म्हणाले, "मोटारीला अवकाश आहे. तोवर मी जरा स्मारक बघून घेतो. बघायचा आणा भरलाय मी."

२

स्मारक म्हणजे बुवांच्याच घराची पुढची खोली. भिंतीला निळा रंग, खाली शहाबादी फरशी, वर कुंडलिकरावांच्या अक्षरातल्या पाट्या. 'या जागी बुवा ध्यानस्थ बसत.' नाकेदारांनी बुवांना कधी ध्यानस्थ पाहिलं नव्हतं. नाक्यावर बैलगाडी थांबली की बुवा आधी तंबाखू मागत. एका काचेखाली जरीची टोपी, एकीखाली संस्थानिकाने दिलेलं कडं. चपलांचा जोड होता, नवा कोरा, बुवांच्या पायाला झाला नसता असा लहान. भिंतीवर मोठी तसबीर: बुवा, संस्थानिक, संस्थानिकाचा कुत्रा. बुवांच्या बायकोची तसबीर कुठे नव्हती. जिवंत माणसाची लावत नाहीत, असं पुढे कुंडलिकरावांनी स्पष्टीकरण दिलं. कुत्र्याबद्दल ते काही बोलले नाहीत.

मृदंग सतरंजीवर आडवा पडला होता. नाकेदारांनी तो उचलला. बुवांचा मृदंग त्यांनी एकदा नाक्यावर, जकातीच्या निमित्ताने पण खरं तर कौतुकाने, उचलला होता. खैराचं खोड, वजनाने हातातून निसटता निसटता राहिलं होतं. हा हलका निघाला. देवळातल्या भजनाला असतो तसा, आंब्याच्या लाकडाचा.

मग त्यांनी डावं तोंड खिडकीच्या उजेडात धरलं. चामड्यावर मध्यभागी गोल डाग होता, कणीक वाळल्याचा. त्यांनी नखाने खरवडला. पांढरी पूड पडली, सुकी, भुरभुरीत. डागाच्या कडेला किड्यांनी कुरतडलं होतं, आणि कुरतडलेल्या जागी कोळ्याचं जुनं जाळं धूळ खाऊन करडं झालं होतं. वाल्मिकच्या ताटलीतला गोळा त्यांनी बोटाने दाबून बघितला. तो चिकट होता, तुपकट पिवळा, आणि कडेला वाळला होता तिथे गोंदासारखा कडक.

नाकेदारांनी नखातली पूड जिभेला लावली. पूड त्यांना ओळखीची वाटली. या मुलखात जन्मलेल्या कोणालाही वाटली असती.

वाल्मिक बाहेर ओट्यावर एकटाच बसला होता. आजच कसं कळलं, असं नाकेदारांनी विचारलं. तो म्हणाला, दरवर्षी कपाटाला बाहेरूनच हार घालायचा, उघडायची मुभा नव्हती. शेटजींना ऐकायचं होतं म्हणून यंदा पहिल्यांदा काढला. काचेतून काय कळणार.

"बुवा गेल्यावर तो मागितला होतास ना तू?"

"मागितला होता," वाल्मिक म्हणाला. "स्मारकाचाय म्हणाले. मग राहू दे म्हटलं."

"मनापासून?"

वाल्मिक हाताला वाळलेली कणीक खरवडू लागला. पण ज्याला मृदंग हवा होता तो चोरल्यावर ओरडा कशाला करील, आणि तोंडाला काय लावायचं हे ज्याला कळतं तो ही पूड कशाला लावील, असं नाकेदारांनी आपल्याशी म्हटलं, आणि वाल्मिकला तपासून सोडलेल्या गाठोड्यांच्या ढिगात टाकून ते मांडवाकडे वळले.

३

मांडवाच्या खांबाला नवसू बांधलेला होता. शेजारी पाटील विडी ओढत होते.

"सकाळी काय खाल्लंस रे?" नाकेदारांनी विचारलं.

नवसूने आधी पाटलांकडे बघितलं. हा प्रश्न चोरीचा की चौकशीचा हे त्याला कळेना. "नागलीची भाकर," तो म्हणाला.

"आणि काल?"

"नागलीचीच."

"तांदळाची कधी?"

"तांदूळ पोळ्या-दिवाळीला. होता तो सरकारच्या लेव्हीत गेला. वैशाखात आमच्यात तांदूळ कुठला, नाकेदार?"

पाटील हसले. "जेवायचं आमंत्रण देताव का त्याला? मोटार यायला झाली."

"येऊ द्या. तिचा कोळसा पेटायला आणखी वेळ लागेल," नाकेदार म्हणाले. पेट्रोल लढाईवर गेल्यापासून धसईची मोटार कोळशाच्या धुरावर चालत होती.

कुंडलिकराव स्वतःच त्यांना शोधत आले. कल्याणला गेल्यापासून त्यांची भाषा इस्त्रीची झाली होती, आणि जेवणही. भात मला मानवत नाही, आम्ही पोळीच खातो, रेशनवर गहू मिळतो, हे त्यांनी न विचारता सांगितलं. नाकेदारांना ते हवंच होतं. मृदंग कपाटात कोणी ठेवला, असं विचारल्यावर मात्र त्यांनी आधी टोपी सारखी केली.

"काकीनेच आणून दिला. लाल खोळीत गुंडाळलेला. उद्घाटनाच्या दिवशी."

"तेव्हा नवसू होता?"

"नवसू गेल्या दिवाळीचा. हे बघा नाकेदार, कशाला खोलात जाता? शेटजी उठायच्या आत हा इथून गेला म्हणजे बरं. चोर सापडला, मृदंगही सापडेल. शेटजींचं मन मोडता कामा नये."

"आणि नवसूचं?"

कुंडलिकरावांनी घड्याळात बघितलं.

नाकेदारांनी हिशोब मांडला. पूड तांदळाची. वाजवणारा असता, तर गहू लावता. कल्याणचा असता तर घरात गहूच. वाडीवरचा असता तर नागली, आणि नागलीचा डाग तांबूस पडतो. उरलं ते घर तांदळाचं. शिवाय डाग किडे-कोळी लागण्याइतका जुना. म्हणजे मृदंग कपाटातून बदलला गेलेलाच नाही. तो गेला, तो खोळीत जायच्या आधी. चोरी झाली असेल तर ती कुलूप यायच्या आधीची, आणि कुलपावरून धरलेला माणूस खांबाला.

खोलीच्या आतल्या बाजूला एक दार होतं. ते वाऱ्यावर खडखडायला हवं होतं, खडखडत नव्हतं.

४

दारापलीकडे एक पडवी होती. स्मारक झाल्यापासून अंबूबाईचं घर ते एवढंच. चूल, दोन मडकी, सुपात निवडत ठेवलेली कणी, म्हणजे कांडताना तुटलेले तांदूळ. धड तांदूळ विकायचा आणि कणी खायची, ही त्या भागातली रीत.

"या," ती म्हणाली. "च्या घ्याल ना? गुळाचा हाये."

मागच्या अंगाने आलेले नाकेदार त्या आतल्या दाराशी टेकून बसले. तिने चहा ठेवला. बाहेर माणूस बांधलेला, घरात चोरीचा बोभाटा, पण तिने गुळाचा खडा मोजून फोडला. घाबरलेली माणसं नाकेदारांनी गाडाभर पाहिली होती. ही घाबरलेली नव्हती. ही दमलेली होती.

लोक येतात का बघायला, असं त्यांनी विचारलं. येतात, ती म्हणाली. कधी कोणी मागच्या बाजूने येऊन विचारतं, आजी, बुवा कसे होते हो? मग ती सांगते, उंच होते. एवढ्यावर लोक खूश होऊन जातात. पहिल्या वर्षी तिने एकदा पुढची खोली बघावी म्हटलं, तर त्या वेळच्या राखणदाराने आणा मागितला. नवसू मागत नाही. नवसू काच पुसायला आला की म्हणतो, आजे, ये बघून जा.

चहा घेता घेता नाकेदारांचा हात दाराच्या फटीकडे गेला. तिथे एक पाचर मारलेली होती. पाचर कसली, बोटभर लांबीचा गोल लाकडी ठोकळा, काळा, हाताने घासून घासून गुळगुळीत झालेला. एका अंगाला चामड्याच्या वादीने पडलेली खाच.

मृदंगाच्या वाद्या ताणायला खोडावर असे गठ्ठे बसवतात. हा खैराचा होता.

नाकेदारांनी तो ओढून काढला. दार लगेच खडखडू लागलं.

अंबूबाईने वळून बघितलं. मग चुलीतलं लाकूड तिने थोडं मागे ओढलं, म्हणजे चहा उतू जाऊ नये.

"बाकीचा कुठाय, वहिनी?" नाकेदारांनी विचारलं.

"हितंच," ती म्हणाली, आणि चुलीकडे हात केला.

५

ते शेवटचं वर्ष. बुवा वैशाखात मुंबईहून ताप घेऊन आले. वैशाख म्हणजे सरपण भरून ठेवायचे दिवस. ती त्यांच्या उशाशी बसली, रानात जायचं राहिलं. आषाढात झड लागली. ओलं लाकूड पेटेना, आणि मागायला कोणाच्या दारी जावं, तर ज्यांच्या दारी जायचं त्यांनी बुवांना पडलेलं बघूनही वाट बदललेली. कल्याणला निरोप धाडला. वैशाखऱ्याला धाडला. पाटलांना तर निरोपही नको होता, त्यांच्या ओट्यावरून बुवांचं खोकणं ऐकू यायचं.

"आधी पाट जाळले," अंबूबाई म्हणाली. "मंग पाळणा. पोरगी दिल्या घरी गेलेली, पाळणा कशाला हवा. मंग हा."

"बुवांना न सांगता?"

"सांगून. म्हणाले, वाद्या सोडव आधी, चामडं घाण जळतं." तिने चहा गाळला. "चांगला जळला. खैर ना. पेज झाली. दोन घोट गेले त्यांच्या पोटात. चार दिसांनी गेले. हा एक गठ्ठा तेवढा चुलीमागं घरंगळला होता."

मग जे सगळे जिवंतपणी आले नव्हते ते स्मारकाला आले. घर कुंडलिकच्या बापाच्या नावावर. तो विकायला निघाला होता. स्मारक झालं तर घर राहील आणि तुला पडवी राहील, असं ठरलं, फक्त मृदंग काढून दे. तिने मारुतीच्या देवळातला भजनाचा मृदंग उतरवून आणला. भजनी पोरं गिरण्यांत गेल्यापासून तो आढ्याला टांगलेलाच होता. कोरं तोंड बरं दिसेना म्हणून कणी दळून, मळून थापली.

"गहू लागतो, ठाऊक होतं ना तुम्हाला?"

"मला नाय ठाऊक?" ती पहिल्यांदा हसली. "जल्मभर घरातला गहू त्या मृदंगानं खाल्ला, आमी कणी. कार्यक्रम झाला का बुवा कणीक खरवडून ठेवायचे, गाईला घाल म्हणायचे. गाय होती कुठं? मी तव्यावर भाजून पोरीला द्यायची. खारट लागायची. त्यांच्या हाताचा घाम."

नाकेदारांनी कप खाली ठेवला. बाहेर मोटारीचा भोंगा वाजला.

"वहिनी, बाहेर एक माणूस बांधलाय. हे तुम्ही सकाळीच बोलायला हवं होतं."

"बोलले की. कुंडलिकला हाक मारून तेवाच सांगितलं, जसं तुमाला सांगितलं तसं."

"मग? काय म्हणाला तो?"

"म्हणाला, स्मारकाला चोरी झालेली चालते, काकी. चूल चालत नाय."

६

पाटलांच्या ओट्यावर नाकेदारांनी ते सगळं, चढ-उतार न करता, पाटील, कुंडलिकराव आणि वाल्मिक यांच्यापुढे ठेवलं. आत शेटजी घोरत होते.

वाल्मिकने मान वर केली नाही. एरवी बुवांच्या जयंतीला वैशाखऱ्याहून धसई जवळ असते. त्या आषाढात लांब होती. पाटलांनी विझलेली विडी पेटवायला बराच वेळ घेतला. लाजले नाहीत ते एकटे कुंडलिकराव.

"झालं?" ते म्हणाले. "आता हे शेटजींना सांगायचं? बुवांचा मृदंग पेजेखाली जळला म्हणून पाटी लावायची? दालन गेलं. गावाला दालनात शाळेचा वर्ग मिळायचा होता, तो गेला. काकीची पडवी गेली. कोणाचं भलं होणार आहे, नाकेदार?"

प्रश्न खोटा नव्हता, हेच त्यातलं वाईट होतं.

नाकेदारांनी खिशातून गठ्ठा काढून गुडघ्यावर ठेवला. "शेटजी उठायच्या आत दोरी सुटली पाहिजे," ते म्हणाले. "नाहीतर हा मी त्यांच्या चहाच्या बशीत ठेवीन."

सौदा व्हायला फार वेळ लागला नाही. नाक्यावर यापेक्षा क्षुल्लक सौद्यांना जास्त वेळ लागलेला त्यांनी पाहिला होता. वाल्मिकने म्हणायचं, उजेडाने माझी चूक झाली, मृदंग बुवांचाच. पाटलांनी म्हणायचं, चौकशी संपली. नाकेदारांनी काही म्हणायचं नाही. नवसूला कोणी काही विचारलं नाही. त्याची दोरी सोडली, आणि सोडता सोडता कुंडलिकरावांनी करगोट्याची किल्लीही सोडून घेतली. उद्यापासून येऊ नकोस, ते म्हणाले. तुझ्यावर संशय नाही, पण लोकांच्या मनात राहतो.

उन्हं कलल्यावर सभा पुन्हा भरली. वाल्मिकने गव्हाची कणीक देवळातल्या मृदंगाच्या तोंडाला, कणीच्या डागावर, थापली आणि खाली मान घालून वाजवला. त्याने जे वाजवलं ते चांगलं होतं. इतकं चांगलं त्याने यापूर्वी वाजवलं नव्हतं, असं नंतर लोक म्हणाले. शेटजींच्या डोळ्यांत पाणी आलं. बुवांचा हात या लाकडात अजून आहे, ते म्हणाले, आणि दालन जाहीर केलं.

टाळ्या चालू असतानाच कुंडलिकराव नाकेदारांच्या कानाशी आले. तो गठ्ठा द्या, म्हणाले; आता असली म्हणावी अशी तेवढीच वस्तू आहे, छोट्या काचेत ठेवू. नाकेदार म्हणाले, ज्याचा होता त्याला दिला. पडवीचं दार आतून पाचर मारलेलं होतं, आणि खडखडत नव्हतं.

वाल्मिकने रीतीप्रमाणे कणीक खरवडून काढली. गाईला घाला, कुंडलिकराव म्हणाले. तेवढ्यात दार हातभर उघडलं आणि एक हात बाहेर आला. वाल्मिकने वर न बघता गोळा त्या हातावर ठेवला.

मोटार अजून धूर गोळा करत उभी होती. नवसूसाठी राखलेल्या जागेवर नाकेदार बसले. खिडकीतून त्यांना वाडीकडे जाणारी पायवाट दिसत होती, आणि घराच्या मागच्या अंगाने येऊन नवसूला थांबवणारी अंबूबाई. तिने त्याच्या हातावर करपलेली लहानशी भाकरी ठेवली. नवसूने ती उलटून बघितली, वास घेतला.

"खा," ती म्हणाली. "खारट लागंल. पन गव्हाची हाये."